हॅझर्डच्या रकान्यात नेमकं काय लिहायचं?

कारखान्यात नव्याने रुजू झालेल्या ट्रेनीच्या, अप्रेंटिसच्या किंवा ठेकेदाराच्या सुपरवायझरच्या हातात पहिल्या काही दिवसांतच एक आडवा तक्ता येतो. वर ‘हॅझर्ड आयडेंटिफिकेशन अँड रिस्क असेसमेंट’ असं छापलेलं असतं. शॉपफ्लोअरवर त्याला ‘हिरा’ म्हणतात. पहिला रकाना कामाचा, दुसरा हॅझर्डचा, पुढे रिस्क, त्यापुढे उपाय. तक्ता देणारा बहुतेक वेळा जुनी फाइल पुढे सरकवतो आणि ‘हे बघून भर’ म्हणतो. त्या फाइलीत हॅझर्डच्या रकान्यात ‘अपघात’, ‘इजा’, ‘पडणे’, ‘शॉक’ असे शब्द असतात आणि शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘पीपीई वापरा’, म्हणजे हेल्मेट, गॉगल, हातमोजे यांसारखी अंगावरची संरक्षक साधनं वापरा. दुसरा रकाना चुकला की शेवटचा चुकणारच. ‘पडणे’ लिहिलं तर पडणाऱ्याला हेल्मेट देण्यापलीकडे काही सुचत नाही. ‘गिअरबॉक्सखाली साचलेलं तेल’ लिहिलं तर ऑइल सील बदलायचं लगेच डोक्यात येतं.

आधी शब्द वेगळे करा

हॅझर्ड, रिस्क आणि डेंजर या तिन्हींना बोलताना आपण ‘धोका’ म्हणतो. गप्पांत ते चालतं, तक्त्यात चालत नाही.

हॅझर्ड म्हणजे इजा किंवा आजार घडवण्याची क्षमता असलेला स्रोत. कामाच्या जागेच्या सुरक्षिततेच्या ‘आयएसओ ४५००१’ या २०१८च्या मानकातल्या व्याख्येचा गाभा एवढाच आहे. अपघात झालेला असो वा नसो, हॅझर्ड तिथे असतोच. रिस्क म्हणजे त्या स्रोतामुळे काही घडण्याची शक्यता आणि घडलंच तर होणाऱ्या नुकसानीची तीव्रता, या दोन्हींचा एकत्र हिशेब. डेंजर हा शब्द प्रसंग अगदी अंगावर आलेला असतो तेव्हाचा.

गावाबाहेर कठडा नसलेली विहीर आहे. विहीर हा हॅझर्ड. तिच्याजवळून दिवसभर कोणी फिरकत नसेल तर रिस्क कमी; शाळेची पायवाट तिला लागून जात असेल तर रिस्क जास्त, विहीर मात्र तीच. पोरगं काठावर उभं राहून आत वाकलं, की तो डेंजर. कठडा बांधला तर रिस्क घटते, हॅझर्ड राहतो. विहीर बुजवली तरच हॅझर्ड जातो. म्हणून ‘आम्ही हॅझर्ड कमी केला’ असं कोणी म्हटलं की नेमकं काय केलं ते विचारा. बहुतेक वेळा रिस्क कमी केलेली असते.

कायद्यानेही हे शब्द वेगवेगळ्या जागी वापरले. भोपाळची वायुदुर्घटना १९८४ची. त्यानंतर १९८७मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन एक स्वतंत्र प्रकरण आलं. त्याचा विषय ‘हॅझर्डस प्रोसेस’, म्हणजे ज्या प्रक्रियेतल्या पदार्थांत किंवा कचऱ्यात आरोग्याला वा पर्यावरणाला गंभीर हानी करण्याची क्षमता आहे ती. त्याच प्रकरणाच्या शेवटच्या कलमाने कामगाराला ‘इमिनन्ट डेंजर’ची, म्हणजे समोर उभ्या ठाकलेल्या धोक्याची, सूचना वरिष्ठांना देण्याचा हक्क दिला. प्रक्रिया कायम हॅझर्डस असते; डेंजर त्या क्षणाचा असतो.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला तर त्याचा शब्दकोश थोडा वेगळा असतो, हेही ठाऊक असू द्या. त्याच्या भाषेत आग, पूर, भूकंप हे ‘पेरिल’, म्हणजे नुकसानीचं कारण. आणि ते कारण घडण्याची किंवा वाढण्याची शक्यता वाढवणारी स्थिती तो ‘हॅझर्ड’. गोदामात कोपऱ्यात पडलेल्या तेलकट चिंध्या त्याच्या अहवालात हॅझर्ड म्हणून येतील, आग पेरिल म्हणून.

पहिलं पाऊल: काम तोडा

‘मेंटेनन्स’ हे काम नव्हे, खातं आहे. ‘पंप दुरुस्ती’ हेही फार मोठं. पंप बंद करणे, वीज तोडणे, लाइनमधला दाब सोडणे, कपलिंग गार्ड काढणे, मोटर सरकवणे, पंप उचलून ट्रॉलीवर ठेवणे, असे तुकडे करा. तुकडा एवढा हवा की त्यात माणूस काय हातात घेतो आणि कुठे उभा असतो हे सांगता यावं. साधारण ५ ते १० तुकड्यांत बहुतेक कामं बसतात. २५ होत असतील तर तुम्ही दोन कामं एकत्र केली आहेत.

तुकडे पाडताना टेबलावर बसू नका. काम चालू असताना बाजूला उभं राहा आणि जो ते रोज करतो त्याला विचारा. एसओपीमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, नसलेलं पाऊल त्यालाच माहीत असतं: अडकलेला जॉब (ज्यावर काम चालू आहे तो भाग) हाताने ओढावा लागतो, वॉल्व्ह पाइपवर चढल्याशिवाय फिरत नाही, रात्रपाळीत क्रेन ऑपरेटर नसतो. अपघात अशाच पावलांवर होतात.

दुसरं पाऊल: ऊर्जा शोधा

नवख्याला ‘हॅझर्ड शोध’ म्हटलं की तो चूक शोधू लागतो: हेल्मेट नाही, गार्ड नाही, अर्थिंग नाही. हे सगळं महत्त्वाचं आहे, पण ते हॅझर्ड नव्हे. तो हॅझर्ड आवरण्याच्या उपायातला दोष आहे. गार्ड नाही म्हणजे आत काहीतरी फिरतं आहे, आणि ते फिरणारं म्हणजे हॅझर्ड. जुन्या ‘ओएचएसएएस १८००१’ मानकाच्या व्याख्येत स्रोत, परिस्थिती आणि कृती असे तिन्ही शब्द होते. त्यामुळे जुन्या फाइलींमध्ये ‘हेल्मेट न घालणे’ हा हॅझर्ड म्हणून सापडतो. त्याची नक्कल करू नका.

त्याऐवजी प्रत्येक तुकड्याला विचारा: इथे माणसाला लागू शकेल अशी कोणती ऊर्जा आहे? उंचावर असलेली वस्तू किंवा माणूस, फिरणारे आणि सरकणारे भाग, वीज, दाबाखालची हवा, वाफ किंवा हायड्रॉलिक तेल, ताणलेली स्प्रिंग, उष्णता, रसायन, आवाज, किरणोत्सर्ग, जंतू. साठलेली ऊर्जा सर्वांत जास्त निसटते. मेन स्विच बंद केला तरी सिलिंडरमधली हवा, कपॅसिटरमधला चार्ज, वर थांबलेला प्रेसचा रॅम आणि अजून न थांबलेलं फ्लायव्हील तिथे असतंच. म्हणूनच स्विचला टाळं आणि टॅग लावल्यावर दाब सोडायचा, वर असलेला भाग ठोकळ्यावर टेकवायचा आणि मग चालू बटण दाबून मशीन खरोखर मृत आहे ना हे पाहायचं.

काही हॅझर्ड ऊर्जेत बसत नाहीत. टाकीत ऑक्सिजन कमी असणं, दिवसभर वाकून काम, सलग रात्रपाळ्या. यांच्यासाठी यादीच्या शेवटी वेगळी ओळ ठेवा, नाहीतर ते राहूनच जातात.

तिसरं पाऊल: वस्तू, जागा, प्रमाण

हॅझर्ड लिहिताना काय आहे, कुठे आहे आणि किती आहे, हे तिन्ही एका ओळीत आलं पाहिजे. ‘केमिकल’ असं लिहिण्यापेक्षा ‘९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिड, ५० किलोचा कार्बॉय (मोठी बरणी), डोसिंग टाकीजवळ हाताने ओतताना’ असं लिहा. ‘उंची’ न लिहिता ‘५ मीटरवर सिमेंटचे पत्रे, पायाखाली फळी नाही’ लिहा. हे दुसरं उदाहरण मुद्दाम घेतलं आहे. जुन्या शेडचा सिमेंटचा पत्रा वरून भक्कम दिसतो, पण माणसाचं वजन पेलेल याचा भरवसा नसतो. गळती काढायला चढलेला माणूस थेट फरशीवर येतो. ‘उंची’ लिहिलं तर सेफ्टी बेल्ट दिला जातो आणि तो अडकवायला वर जागाच नसते. ‘पत्रा’ लिहिलं तर आधी चालायच्या फळ्या, खाली जाळी आणि बेल्टसाठी लाइफलाइन यांचा विचार होतो. शक्य असेल तिथे दुरुस्ती खालून उचलत्या प्लॅटफॉर्मवरून करायचंही सुचतं.

लिहून झालं की ओळ तपासायची कसोटी अशी: अजून काहीच घडलेलं नाही, अशा वेळी ही गोष्ट बोटाने किंवा मीटरने दाखवता येते का? सांडलेलं तेल दाखवता येतं. घसरणं दाखवता येत नाही. आवाज मीटरवर दिसतो. बहिरेपण नंतर येतं. ‘घसरणं’ ही घटना आणि ‘मनगट मोडणं’ ही इजा. तिन्हींसाठी वेगळे रकाने नसतील तर आखून घ्या.

एक मशीन जवळून: बेंच ग्राइंडर

टूलरूमच्या कोपऱ्यात बोल्ट घट्ट केलेला दोन चाकांचा ग्राइंडर बहुतेक सगळीकडे असतो आणि ‘हिरा’मध्ये त्याला एकच ओळ मिळते: ‘डोळ्याला इजा – गॉगल’. नीट पाहिलं तर निदान सहा ओळी होतात.

वेगाने फिरणारं चाक ही पहिली. ते फुटू शकतं. चाकावर छापलेला कमाल आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त असलाच पाहिजे. बाजारातून आणलेलं चाक भोकात बसलं म्हणून चालत नाही. बसवण्याआधी रिंग टेस्ट करा: कोरडं, स्वच्छ चाक बोटावर किंवा दांड्यावर लटकवून, उभ्या मध्यरेषेपासून ४५ अंशांवर, कडेपासून २५ ते ५० मिलिमीटर आत, लाकडी मुठीने हलकेच वाजवा. खणखणीत नाद आला तर बरं. बद्द आवाज आला तर तडा आहे, चाक मोडून टाकून द्या, बाजूला ठेवू नका. कोणीतरी ते परत बसवतं. नवं चाक लावल्यावर गार्ड बंद करून, समोरून बाजूला होऊन निदान १ मिनिट रिकामं फिरवा. तडा गेलेलं चाक बऱ्याचदा याच वेळी सुटतं.

दुसरी ओळ टूल रेस्ट (जॉब टेकवायचा आधार) आणि चाक यांच्यातल्या फटीची. ती ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. चाक झिजतं, फट वाढते आणि लहान जॉब बोटासकट आत ओढला जातो. चाक फुटण्याचंही ते एक कारण आहे. गार्डच्या वरच्या टोकाला असलेली सरकती पट्टी (‘जीभ’) आणि चाक यांच्यातली फट ६ मिलिमीटरपर्यंत. दोन्ही मोजायला पट्टी लागते, अंदाज पुरत नाही. रेस्ट सरकवायची ती चाक पूर्ण थांबल्यावरच.

उरलेल्या ओळी झटपट: ठिणग्या आणि त्यांच्या टप्प्यात ठेवलेला केरोसिनचा डबा, घासल्याने उडणारी बारीक धूळ, आवाज, मोटरची वीज आणि तिचं अर्थिंग, सैल बाही, ओढणी, गळ्यातली दोरी किंवा सुती हातमोजा गुंतवणारा फिरता स्पिंडल. हातमोज्याची गोष्ट नवख्यांना पटत नाही, कारण हात वाचवायला हातमोजा असं शिकवलेलं असतं. फिरत्या भागाजवळ सैल हातमोजा हात आत नेतो. इथे एका हॅझर्डचा उपाय दुसऱ्या हॅझर्डची रिस्क वाढवतो, आणि दोन्ही ओळी तक्त्यात नसतील तर हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

चौथं पाऊल: आकडे

बहुतेक ठिकाणी शक्यतेला १ ते ५ आणि तीव्रतेला १ ते ५ गुण देऊन गुणाकार करतात. २५ सर्वांत वाईट. कितीच्या वर लाल, हे प्रत्येक कारखाना स्वतः ठरवतो, तेव्हा आपल्या कारखान्याचा तक्ता पाहा. इथे हमखास दोन चुका होतात. गार्ड किंवा परमिट (कामाच्या लेखी परवानगीची) पद्धत लावली की लोक तीव्रताही ५ वरून २ करतात. गार्डने हात आत जाण्याची शक्यता घटते. हात गेलाच तर बोटं तशीच तुटतात, तीव्रता ५च राहते. तीव्रता बदलायची तर स्रोतच बदलावा लागतो: २३० व्होल्टच्या हँडलॅम्पऐवजी २४ व्होल्टचा, तीव्र ॲसिडऐवजी सौम्य. दुसरी चूक म्हणजे आधी हिरवा रंग ठरवून मग आकडे बसवणं. ऑडिटरला ते दिसतं, पण त्याहून वाईट हे की पुढचा सुपरवायझर तो हिरवा रंग खरा मानतो.

पाचवं पाऊल: उपाय वरून खाली

उपायांचा क्रम ठरलेला आहे. हॅझर्ड काढून टाकता येतो का, ते पहिलं. नाही तर कमी घातक पर्याय. नाही तर गार्ड, इंटरलॉक (गार्ड उघडला की मशीन बंद करणारी सोय), एक्झॉस्ट यांसारखी यांत्रिक सोय. मग परमिट, प्रशिक्षण, फलक, पाळ्यांची अदलाबदल. सर्वांत शेवटी पीपीई. पीपीई शेवटी असायचं कारण सरळ आहे: ते विसरलं, फाटलं, मापाचं नसलं की माणूस आणि ऊर्जा यांच्यात काहीच उरत नाही.

अनेक जीव जिथे जातात तिथे हा क्रम लावून पाहा: ईटीपीची (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची) टाकी, सांडपाण्याचं चेंबर, रिकामा रिॲक्टर. पहिला प्रश्न हाच की आत उतरावं लागणारच आहे का? बाहेरून जेट मारून, सक्शन लावून गाळ निघत असेल तर उतरणं रद्द करा. उतरावंच लागलं तर आधी हवा तपासायची. क्रम पाळा: प्रथम ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू. ऑक्सिजन आधी, कारण ज्वलनशील वायूचे बरेच सेन्सर ऑक्सिजन कमी असला की चुकीचा, कमी आकडा दाखवतात. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५च्या खाली किंवा २३.५च्या वर असेल तर उतरू नका. ज्वलनशील वायू एलईएलच्या, म्हणजे पेट घेण्यासाठी हवेत लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या, १० टक्क्यांच्या आत हवा. मोजणी वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही पातळ्यांवर करा, कारण मिथेन हवेपेक्षा हलका आणि हायड्रोजन सल्फाइड जड. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) पुढे नाक बधिर होतं. ‘वास गेला, आता उतर’ हे वाक्य ऐकलं तर काम थांबवा. आत पडलेल्याला काढायला दुसऱ्याने तसंच उतरू नये, म्हणून माणूस आत जाण्याआधीच त्याला हार्नेस आणि वर ट्रायपॉडची दोरी बांधलेली हवी.

लेबलवरचा ‘डेंजर’ आणि तक्त्यातला हॅझर्ड

तक्ता भरताना रसायनाच्या ड्रमवरून, मशीनवरून किंवा डब्यावरून मजकूर उतरवावा लागतो, आणि तिथे डेंजर, वॉर्निंग, कॉशन हे शब्द दर्जा सांगतात. रसायनांच्या लेबलांसाठी असलेल्या ‘जीएचएस’ या आंतरराष्ट्रीय पद्धतीत दोनच संकेतशब्द आहेत: गंभीर वर्गाला डेंजर, त्याखालच्याला वॉर्निंग. सोबत लाल कडेचा, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा पिक्टोग्राम (चित्रचिन्ह) आणि ‘एच’ने सुरू होणारा तीन अंकी क्रमांक. एच २ने सुरू होणारे आगीचे-स्फोटाचे, एच ३ने सुरू होणारे आरोग्याचे, एच ४ने सुरू होणारे पर्यावरणाचे. एच २२५ म्हणजे अति ज्वलनशील द्रव व वाफ. एच ३१४ म्हणजे त्वचा गंभीर भाजणं आणि डोळ्याला इजा. हॅझर्डच्या रकान्यात पदार्थाच्या नावाशेजारी हा क्रमांक लिहा. तो सेफ्टी डेटा शीटच्या १६ भागांपैकी दुसऱ्या भागात मिळेल.

मशीनवरच्या स्टिकरची उतरंड वेगळी. लाल डेंजर: टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. नारिंगी वॉर्निंग: तशी इजा होऊ शकते. पिवळा कॉशन: किरकोळ किंवा मध्यम इजा. निळा नोटीस: माणसाला नव्हे, वस्तूला नुकसान.

आणि आपल्याकडच्या कीटकनाशकांच्या डब्यावर हाच ‘डेंजर’ खालच्या पायरीवर येतो. खालचा त्रिकोण लाल असेल तर अत्यंत विषारी, वरच्या त्रिकोणात कवटी आणि ‘पॉयझन’. पिवळा अति विषारी, वर ‘पॉयझन’च. निळा मध्यम विषारी, वर ‘डेंजर’. हिरवा कमी विषारी, वर ‘कॉशन’. म्हणजे इथे डेंजर हा तिसरा दर्जा. कारखान्याच्या बागेत किंवा गोदामात फवारणी करणाऱ्या ठेकेदाराच्या कामाचा तक्ता भरताना शब्दाऐवजी त्रिकोणाचा रंग उतरवा. ‘डेंजर लिहिलंय, म्हणजे सर्वांत जहाल’ असं धरून चाललात तर पिवळा डबा त्याहून सौम्य वाटेल.

गाडीतल्या ‘हॅझर्ड लाइट’चाही इथे उल्लेख करायला हवा, कारण कारखान्यातले ट्रक आणि बस चालतानाही ते लावतात. गाडी रस्त्यात बंद पडून इतरांसाठी स्वतःच अडथळा झाली, हे सांगण्यासाठी ते दिवे आहेत. घाटात पावसात किंवा बोगद्यात चालत्या गाडीला ते लावले की मागच्याला गाडी उभी आहे की वळते आहे ते कळत नाही, आणि इंडिकेटर निकामी होतात.

तक्ता कधी उघडायचा

वर्षातून एकदा पाहणं हा किमान नियम असतो. खरी गरज बदलाच्या वेळी पडते. मशीन हललं, रसायनाचा पुरवठादार बदलला, ५० किलोऐवजी २०० किलोचे ड्रम येऊ लागले, नवा ठेकेदार आला, किंवा नियर मिस (थोडक्यात टळलेला अपघात) झाला, तर त्याच आठवड्यात ती ओळ उघडा. नियर मिसच्या वेळी आधी हॅझर्डचा रकाना पाहा: तो स्रोत आधीपासून लिहिलेला होता का? असेल तर उपाय कुठे सुटला ते शोधा. नसेल तर काम तोडताना राहिलेला तुकडा शोधा, ते काम करणाऱ्याला शेजारी उभं करून नवी ओळ लिहा, आणि तारखेखाली त्याचीही सही घ्या.